मुळं ओली ठेवायचं काम

११ जानेवारी

धाकट्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही हे फोडलं असशील, तर आधी तुझे उपकार मानते. तू फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलायस, ते बरोबरच केलंस. पत्राला तसलं बटण नसतं, म्हणून पत्र.

तीन वर्षांनी लिहायला निमित्त झालं एका फॉर्मचं.

गेल्या सोमवारी नर्सरीत एक बाई आल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, बारीक कापलेले केस आणि अर्धा चेहरा झाकेल एवढा चष्मा. कामाच्या बायकांनी पाच मिनिटांत त्यांचं नाव 'चष्मेवाली' ठेवून टाकलं. मी कलमं बांधत होते. त्या म्हणाल्या, "एक मोठं झाड उपटून द्याल का?"

मी म्हटलं, "उपटतात ते तण. झाड काढतात. कुठून काढायचं आणि कुठे लावायचं, ते सांगा."

"लावायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "टांगायचंय."

मला वाटलं, आजचा दिवसच असला. पण बाई शहाण्या निघाल्या. स्टेशनामागची बैठ्या घरांची ओळ तुला आठवत असेल. रस्ता रुंद करायला ती मागच्या वर्षी पाडली. चाळीस बिऱ्हाडं उचलून गावाबाहेरच्या नव्या इमारतींत नेऊन ठेवली. मध्ये एक तुतीचं झाड तेवढं उरलंय, महिनाअखेर तेही तोडणार. बाईंना ते मुळांसकट त्या शेजारच्या जुन्या गोदामात छताला टांगायचंय. खाली बसून त्या घरांतली माणसं बोलणार आणि लोक ऐकायला येणार. याला मांडणीशिल्प म्हणतात म्हणे. मला मांडणी एकच ठाऊक, स्वयंपाकघरातली. तसं म्हटल्यावर बाई खूप हसल्या. मग मीही हसले आणि तिथेच फसले. काम घेतलं.

कामावर येणाऱ्या प्रत्येकाकडून त्या एक फॉर्म भरून घेतात. त्यात शेवटी विचारलंय, तुमच्या घरातलं कोण गेलं, कुठे गेलं. मी तुझं नाव लिहिलं आणि खाली तुझा पत्ता. सगळा. घर क्रमांक, रस्ता, तो सहा आकडी कोड. कुठेही न बघता. हात लिहीत होता आणि मी बघत होते.

त्या दिवशी फोनवर मी तुला जे बोलले ते रागात बोलले. आई गेल्याचं कळून तासही झाला नव्हता. माणूस रागात बोलतो. तेवढंच.

छकुली आता नऊ वर्षांची असेल. तिला आत्याचे आशीर्वाद सांग. नको वाटलं तर सांगू नकोस.

ताई

२ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी पोस्टमन दिसला की मान आपोआप वर होते, तिला काय सांगणार.

झाड निघालं. चार दिवस लागले. हिवाळ्यात तुतीवर एक पान नसतं, म्हणून तर जमलं. पानांवर असती तर मी हातच लावला नसता. आधी फांद्या निम्म्या उतरवल्या, मग भोवतीने चर खणला. खोदताना कळलं की हे झाड म्हणजे तिथलं एक्केचाळिसावं बिऱ्हाड होतं. एक मूळ कुणाच्या तरी मोरीखाली जाऊन पाणी पीत होतं. एक दुसऱ्या घराच्या जोत्यात शिरून अख्खी वीट कवटाळून बसलेलं. वीट सोडवायला गेले तर बाई ओरडल्या, "राहू द्या, राहू द्या!" आता झाड त्या विटेसकट टांगलंय.

तुतीची मुळं कधी बघितली होतीस का? भडक नारिंगी असतात. माती धुऊन काढली आणि ती उजेडात आली, तेव्हा सगळे दोन पावलं मागे सरले. कुणाला तरी उघडं बघतोय असं वाटत होतं. क्रेनवाला तेवढा बोलला, "ताई, मी तुळया उचलल्या, गाड्या उचलल्या, एकदा एका पुढाऱ्याचा पुतळा उचलला. हात कापले नाहीत. हे उचलताना कापतायत." मी म्हटलं, "कापू देत, पण पट्टा खोडाला घासू देऊ नकोस."

बाईंशी पहिलं भांडणही झालं. त्यांना सगळी मुळं मोकळी हवी होती. मी म्हटलं, मधला मातीचा गड्डा गोणपाटात बांधलेला राहील, बाहेरची लांब मुळं तुमची. शिवाय दर दीड तासाने मुळांवर पाणी फवारावं लागेल, नाहीतर आठवड्यात सरपण. त्यांनी विचारलं, "कोण फवारणार?" मी म्हटलं, "तुमच्याकडे आहे कोणी?" हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता सकाळी दहा ते संध्याकाळी सात मी पाठीला पंप अडकवून गोदामात असते. नर्सरी बायका बघतात. माझ्यापेक्षा बरी बघतात, हे कालच कळलं.

मुळं धुताना आईची फार आठवण झाली. ती असती तर बादली घेऊन पहिली बसली असती. म्हणजे, मी बसू दिलं असतं तर.

तू तिला नेलंस तेव्हा ती एकाहत्तरची होती. तेवढं जुनं झाड मी हलवायला घेत नाही, हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं. हे वाक्य खोडणार होते, पण खोडलेलं माणूस जास्त बारकाईने वाचतो. राहू दे.

ताई

२० फेब्रुवारी

धाकट्या,

प्रदर्शन सुरू होऊन दहा दिवस झाले. लोक येतायत. मला वाटलं होतं चार रिकामटेकडे येतील. पण शाळा येतात, बँकेतले लोक जेवणाच्या सुट्टीत येतात, आणि मुख्य म्हणजे ती चाळीस बिऱ्हाडं येतात. एकमेकांना भेटायला येतात. इमारतींत गेल्यापासून त्यांना भेटायला जागाच राहिली नाही.

बाईंचं स्वतःचं काम सांगते. रोज सकाळी त्या झाडाच्या जुन्या खड्ड्यापाशी जातात. घमेलंभर माती एका चादरीच्या तुकड्यात बांधतात, पाठीवर घेतात आणि अनवाणी चालत निघतात. सरळ गोदामात नाही येत. आधी गावाबाहेरच्या इमारतींपर्यंत जातात, तिथून वळून गोदामात. सात किलोमीटर. आल्यावर गाठोडं सोडून माती झाडाखाली ओततात, एक शब्द न बोलता. मातीबरोबर गांडुळं येतात, मुंग्या येतात, एकदा कुणाची तरी चमची आली. पहिल्या दिवशी लोक त्यांच्याकडे टकमक बघत होते. आता पाच-सहा जण आपापलं गाठोडं घेऊन बरोबर चालतात.

मी मात्र नसत्या भानगडीत सापडलेय. लोकांना वाटतं, पंपवाली बाई हाही प्रयोगाचाच भाग. पेपरात फोटो आला, खाली लिहिलं होतं, 'वृक्षाला जोजवणारी कलावंत'. क्रेनवाल्याने तो कापून केबिनला चिकटवलाय. येता-जाता "कलावंत, चहा घेणार का?" म्हणून पिडतो.

झाडाखाली एक स्टूल असतं. रोज एक जण बसतं आणि बाई एकच प्रश्न विचारतात, "निघताना काय मागे राहिलं?" एकाने सांगितलं, "शेजाऱ्याशी भांडण. बारा वर्षं चाललं होतं. आता तो दुसऱ्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. भांडायला लिफ्टने कोण जाणार?" लोक हसले. तो हसला नाही.

काल इस्त्रीवाल्या मावशी बसल्या होत्या. याच तुतीखाली तीस वर्षं त्यांचं इस्त्रीचं टेबल होतं. त्या सांगत होत्या, कुठल्या फांदीला कपडे लटकवायच्या, फळांच्या दिवसांत वर चादर कशी बांधायच्या. समोर बसलेली एक मुलगी रडायला लागली. म्हणाली, "मावशी, तुम्हाला असं फेकून दिलं त्यांनी."

मावशींनी तिच्याकडे बघितलं. म्हणाल्या, "मला कुणी फेकलं नाही गं. बाकीच्यांचं बाकीचे सांगतील. मी माझ्या पायांनी गेले. छप्पर गळायचं, डास, धूर, सकाळी नळावर मारामारी. मला लिफ्ट पाहिजे होती. माझी लेक परगावाहून येते आणि आईला हाकललं म्हणून रडते. तिचं मन राखायला मीही थोडी रडते." मग सगळ्यांकडे बघून म्हणाल्या, "म्हातारं माणूस हललं की कुणीतरी हलवलंच असणार, असं तुम्हा लोकांना का वाटतं?"

मी मुळं फवारत होते. पंप चालूच राहिला. खालच्या मातीचा चिखल झाला, चिखल मावशींच्या चपलेपर्यंत गेला, तेव्हा बाईंनी येऊन माझ्या हातातली नळी बंद केली.

पुढचं उद्या लिहिते. आज हात भरून आलेत.

ताई

२१ फेब्रुवारी

धाकट्या,

नळी बंद केल्यावर मी तिथेच उभी होते. समोर चाळीसेक माणसं. मी कुणालाही उद्देशून न बोलता बोलले, "माझी आईपण स्वतःच गेली."

बस, एवढंच. पण तोंडातून गेलं आणि परत घेता येईना. मावशींनी मला स्टुलावर बसवलं. लोकांना वाटलं, हेही ठरवलेलं असेल. काही जणांनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा दोष नाही.

आता तुला नीट सांगते. हे मी तीन वर्षं दाबून ठेवलंय.

तू आईला न्यायला आलास त्याच्या चार महिने आधी ती मला म्हणाली होती, "मला धाकट्याकडे जायचंय." तू तिला विचारायच्या आधी. मी तो विषय उडवून लावला. तिने पुन्हा काढला. मी म्हटलं, "इथे काय कमी आहे तुला?" ती म्हणाली, "काही कमी नाही. तेच तर. माझ्या हातात तू काही राहूच देत नाहीस."

तुला ठाऊक आहे, ती अंगणात पडली त्यानंतर मी तिचं नर्सरीत येणं बंद केलं. आधी कलमं काढून घेतली, मग कात्री, मग झारीसुद्धा. चहा मी करायची, कपडे मी वाळत घालायची. येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगायची की आईला मी इकडची काडी तिकडे करू देत नाही. चाळीस वर्षं जिने हजारो कलमं बांधली, तिला मी खुर्चीत बसवून रस्ता बघायला लावलं. ती म्हणाली, "तिकडे छकुली आहे. तिला शाळेत सोडायला कोणीतरी लागतं." मी म्हटलं, "सत्तरीत आया म्हणून राबायला जायचंय तुला?" ती म्हणाली, "हो. जायचंय."

मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही. तू कल्पना कर आणि त्याच्या दुप्पट धर.

मग तू आलास. तुला वाटलं, तू तिचं मन वळवलंस. दारात तिची बॅग तयार होती, ती मी भरली असं तुला वाटलं. तिने स्वतः भरली होती, महिनाभर आधी. आणि ती तिथे गेल्यावर अकरा महिन्यांनी न्यूमोनियाने गेली, तेव्हा मी फोनवर तुला म्हणाले, "तू उचलून नेलंस. तू मारलंस तिला." तुझ्या बायकोसमोर, डॉक्टरांसमोर, फोन स्पीकरवर असताना. तू एक शब्द बोलला नाहीस. मला खरं ठाऊक असताना मी बोलले. राग नव्हता तो. आधीच्या पत्रात राग म्हटलं, ते खोटं.

तू तिला मारलं नाहीस. तू तिला उचललंही नाहीस. ती निघाली होती, तू फक्त हात धरलास.

माफी मागायला मला जमत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. पण ही मागितली असं धर. 'असं धर' नको. मागते.

ताई

६ मार्च

धाकट्या,

इकडे एक नवीनच संकट उभं राहिलं. गोदामात वर मोठे दिवे आहेत. त्यांच्या उबेने झाडाला वाटलं, वसंत आला. परवा सकाळी फवारताना बघितलं तर शेंड्याचे डोळे फुगलेले. दुपारपर्यंत दोन ठिकाणी हिरवं टोक बाहेर. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय, ते मी डोळ्यांनी बघितलं. पालवी फुटली की झाड पाणी मागतं, आणि हवेत लोंबणारी मुळं ते कुठून आणणार? खोडातला साठा संपेपर्यंत फुटत राहील, मग एकदम मान टाकेल.

प्रदर्शनाचे अजून तीन आठवडे बाकी होते. मी बाईंना गाठलं. म्हटलं, "चार-पाच दिवसांत हे जमिनीत गेलं पाहिजे."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाल्या, "ते सुकत जाणं हाही या कामाचा भाग आहे. लोकांनी ते बघायला हवं."

"चाळीस बिऱ्हाडं बघून झाली ना? आता अजून कुणाला सुकताना बघायचंय?"

"तुम्हाला कळत नाहीये."

"मला तुमची कला कळत नाही, कबूल. पण हे झाड मला कळतं. ते मरायला लागलेलं नाहीये. जगायला लागलंय. जगायला लागलेल्याला वर टांगून ठेवायचं असेल, तर उद्यापासून पंप तुम्ही घ्या."

मी पंप खाली ठेवून निघून आले. बाहेर क्रेनवाला होता. त्याने 'कलावंत' म्हणून हाक मारली नाही, सरळ चहा आणून दिला.

तासाभराने बाई बाहेर आल्या आणि माझ्याशेजारी पायरीवर बसल्या. त्यांच्या टाचा बघवत नव्हत्या, भेगांत माती बसलेली. त्या म्हणाल्या, "मी बारा वर्षांची होईपर्यंत आम्ही सात घरं बदलली. वडिलांचं काम तसं होतं. आई कुठेच काही लावायची नाही. कुंडीसुद्धा नाही. म्हणायची, कशाला, सोडून जावं लागेल." टाचेतली माती नखाने काढत पुढे म्हणाल्या, "वीस वर्षं मी उपटण्यावर काम करतेय. परत लावतात, हे कधी डोक्यातच आलं नाही हो."

मी म्हटलं, "पायाला तेल लावा आधी." दुसरं काय बोलणार?

तर झाड खाली उतरणार. कुठे लावायचं, त्याची शोधाशोध चालू आहे.

मागच्या पत्रात मी सगळं सांगितलं असं वाटून तीन-चार दिवस हलकी झाले होते. मग लक्षात आलं की सगळ्यात वाईट अजून माझ्याचकडे आहे. तेही देऊन टाकते.

आई तिकडे गेल्यावर मला फोन करायची. मी उचलायची नाही. फोन वाजायचा, मी नाव बघायची आणि उलटा ठेवून द्यायची. पहिल्यांदा म्हटलं, एक आठवडा. मग म्हटलं, तिला कळू दे. मग इतके दिवस झाले की उचलून बोलायचं काय, तेच सुचेना. अकरा महिने. एकदाही नाही.

मी तिचा आवाज शेवटचा ऐकला तो इथे, दारात. ती म्हणाली होती, "येते गं." मी आत होते. बाहेर आले नाही.

ताई

१८ मार्च

धाकट्या,

झाड लागलं.

नव्या इमारतींच्या मागे मैदानाचा एक तुकडा आहे, नुसता खडी आणि राडारोडा. मावशींनी तो सुचवला. पण तिथली रहिवाशांची समिती आहे ना! सेक्रेटरी म्हणजे टापटिपीचा माणूस, नाकावर माशी बसू देणार नाही. तो म्हणाला, "तुती? फळं गाड्यांवर पडतात. जांभळे डाग जात नाहीत."

मावशी म्हणाल्या, "डाग मी काढीन."

"पक्षी येतील, घाण करतील."

"तीही मीच काढीन. अजून काय काय काढायचंय तुमचं, ते सांगा."

सगळे हसले. तो बारा वर्षं भांडणारा माणूस गर्दीत होता आणि त्याचा सातव्या मजल्यावरचा शेजारीही. खड्डा कुठे घ्यायचा यावरून दोघांची तिथेच जुंपली. मला वाटलं, मारामारी होते की काय. पण नंतर बघते तर दोघे एकाच खड्ड्यात उतरून खोदतायत, आणि तोंडं चालूच.

मंगळवारी झाड ट्रकवर आडवं घातलं. बाई पुढे अनवाणी, मागे चादरींची गाठोडी घेऊन लोक. गोदामात जमवलेली माती सगळी परत भरून घेतली होती. सात किलोमीटर नाही, सरळ रस्त्याने तीनच. सिग्नलला बसमधले लोक उभे राहून बघत होते. क्रेनवाल्याने झाड खड्ड्यावर धरलं आणि मी खालून बघून ओरडले, "फिरव! फिरव अजून!" जुन्या जागी त्याची जी बाजू उत्तरेला होती ती इथेही उत्तरेलाच हवी. खोडाला मी चुन्याची खूण केली होती. बाईंनी विचारलं, "त्याला काय कळतं?" मी म्हटलं, "ऊन कुठून लागायचं, ते सालीला कळतं."

लोकांनी आपापली गाठोडी सोडली. विटेसकट गेलं ते मातीत. मावशींनी पाण्याचा पाइप धरला तो सोडेचनात.

गोदामात आता नुसते दोर लोंबतायत आणि जमिनीवर ओलसर डाग आहे. बाईंनी ते तसंच ठेवलंय, महिनाअखेरपर्यंत. तरीही लोक येतात, दोर बघतात आणि कुठे गेलं म्हणून विचारतात. मग बाई त्यांना इमारतींचा पत्ता देतात.

झाड जगलं का, असं विचारशील तर, आमच्या धंद्यात दोन वर्षं तसं म्हणायचं नसतं. फुटलेली पालवी गळाली, ते मला अपेक्षितच होतं. एक मोठी फांदी बहुतेक जाईल. बाकी साल नखाने खरवडून बघितली, खाली हिरवी आहे.

हे माझं शेवटचं पत्र. तुला छळायचं नाहीये. सांगायचं होतं तेवढं झालं. तुझा राग तुझ्याकडे राहू दे, तो तुझा हक्काचा आहे. फक्त आईच्या बाबतीत स्वतःला दोष देत असशील, तर ते बंद कर. त्यासाठीच हा सगळा खटाटोप.

ताई

३० मे

धाकट्या,

तुझं पत्र काल दुपारी आलं. नर्सरीत सगळ्यांसमोर फोडलं नाही. घरी आणलं, हात धुतले, खुर्चीत बसले. दीड पान. मी आतापर्यंत आठ वेळा वाचलंय.

तू लिहिलंयस की माझी पत्रं तू तीन-चार महिने कपाटात ठेवली होतीस आणि मग एका सुट्टीच्या दिवशी सगळी एकदम वाचलीस. लिहिलंयस की तुझा राग अजून आहे. असू दे. आणि लिहिलंयस की फोनचं वाचून तुला आधी काही समजलंच नाही, दोनदा वाचावं लागलं. का, ते मग पुढे लिहिलंयस.

मला ते कागदावर पुन्हा लिहून बघू दे, म्हणजे खरं वाटेल. दर रविवारी सकाळी आई फोन घेऊन आतल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. अर्धा तास माझ्याशी बोलायची. तुम्ही बाहेर तिचं हसणं ऐकायचात. मग बाहेर येऊन तुम्हाला माझी खुशाली सांगायची. ताईची गुलाबाची कलमं सगळी लागली. ताईला सर्दी झाली होती, आता बरी आहे. ताई रोज सकाळी फिरायला जाते, वजन उतरलंय. (इथे मी मोठ्याने हसले रे. आईने तिकडे बसून माझं वजन उतरवलं.) छकुलीचा पडलेला दात ऐकून ताई काय म्हणाली, तेसुद्धा. तुझ्या बायकोने केलेला स्वेटर ऐकून ताई खूश झाली, तेसुद्धा.

आता कळलं, त्या दिवशी तू गप्प का राहिलास. वर्षभर दर आठवड्याला एवढी गोड बोलणारी बहीण, आणि आई गेल्याबरोबर तिने तुला खुनी ठरवलं. मला तुझ्या जागी वेड लागलं असतं.

ती त्या खोलीत अर्धा तास काय करत असेल, ते मी कालपासून डोळ्यांपुढे आणतेय. फोन वाजून वाजून बंद होत असेल. मग ती तसाच कानाला धरून बोलत असेल, माझी वाक्यं मनात जुळवत. माझ्याशी भांडली असेल का कधी? निदान तेव्हा तरी भांडायला हवं होतं तिने.

तू शेवटी लिहिलंयस ते वाचून मात्र मी उठून घराबाहेर गेले आणि बराच वेळ उभी राहिले. दवाखान्यात न्यायच्या आदल्या रविवारी तिने तुम्हाला सांगितलं की आज ताईला विचारलं, मी इकडे आले म्हणून अजून रागावलीस का? आणि ताई म्हणाली, "नाही गं आई. तुला तिकडे बरं वाटतंय ना? मग राहा. माझी काळजी करू नकोस."

धाकट्या, हे मी म्हणाले. असंच धर. छकुलीला विचारायची वेळ आली तर तिलाही तसंच सांग, आत्या म्हणाली होती म्हणून.

आता एक काम कर. अकरा महिन्यांचे पंचेचाळीस-पन्नास रविवार होतात. तुला आठवतील तेवढे लिहून पाठव. तुझ्या बायकोला विचार, छकुलीला विचार. सर्दी, गुलाब, काय असेल ते, एकही गाळू नकोस. आईशी मी काय काय बोलले, ते मला सगळं ऐकायचंय.

तुझी,
ताई